तुळसाबाईनं गाळलेलं व्याख्यान

वाशीम जिल्ह्यात मालेगावहून शिरपूरकडे जाताना डाव्या हाताला एक गाव लागतं. त्याचं नाव इथे दिलेलं नाही, कारण या गोष्टीत सरपंचापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत बरेच जण थोडंथोडं खोटं वागले आहेत आणि गावाला अजून पुष्कळ सोयरिकी जुळवायच्या आहेत. गावाच्या उत्तरेला पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, टोकाशी तुळसाबाईचं साडेतीन एकर वावर आहे. तुळसाबाई चौसष्ट वर्षांची, अंगानं काटकुळी, आणि आवाज असा की पांदणीत बोलली तर स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला बोलणी बसावीत.

तिची शाळा दुसरीपर्यंत झाली. तिसरीत बापानं म्हशींमागे धाडलं, आणि त्या दिवसापासून तिनं शिकलेल्या माणसांवर डूख धरला तो धरलाच. बियाणं किती अंतरावर टाकायचं हे सांगायला कृषी खात्याचा पोरगेला साहेब आला, तर हिनं त्याला आधी विचारलं, "साहेब, हे वखर हाय का तिफन, सांगा बरं?" साहेब अवजाराकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिले. नवे मास्तर गावात राहायला आले, त्यांच्या बायकोला हिनं पहिल्याच भेटीत सांगितलं की शिकलेला नवरा म्हणजे नुसता खायला काळ. मुलगा हरीओम डिप्लोमा करून पुण्याकडच्या कारखान्यात लागला तेव्हा गावभर पेढे वाटले खरे, पण प्रत्येक पेढ्याबरोबर "मशीनच पुसते थो तथी" हेही वाटलं. सारा गाव तिच्या जिभेला टरकून होता आणि ती त्यावर खूश होती.

त्यातून रोह्यांचा उपद्रव सुरू झाला. रोही म्हणजे घोड्याएवढं निळसर जनावर, आणि हरभरा घाट्यावर आला, म्हणजे त्याला शेंगा धरल्या, की दिवस उगवायच्या सुमाराला ते कळपानं वावरात शिरतं आणि चांगलं ऊन चढेपर्यंत हलत नाही. गावातल्या इतरांसारखा तुळसाबाईनंही भोंगा आणला. फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चालणारा, पेनड्राइव्ह लावायची सोय असलेला. हरीओमनं सुट्टीत येऊन त्यात स्वतःच्या आवाजात "हैऽ हैऽ हुर्रर्र" भरून दिलं. चार दिवस रोही पळाले, पाचव्या दिवशी थबकले आणि आठव्या दिवशी हरीओमच्या "हुर्रर्र"च्या तालावर घाटे खाऊ लागले.

"एकच एक बोंबलते, म्हनून थे भेत नाई," तुळसाबाईनं निदान केलं. तिच्या भावाची नात योगिनी वाशीमला कॉलेजात शिकते. तिला फोन गेला. "पोरी, मले असा मानूस पाह्यजे का जो बोलाले लागला का थांबतच नाई. आन् रोज नवंनवं बोलला पाह्यजे."

"आजी, असे तं आमच्या कॉलेजात लय हायेत," योगिनी म्हणाली आणि पुढच्या रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आली. कुठल्याशा विद्यापीठानं साध्या लोकांसाठी मराठीतून फुकट व्याख्यानमाला काढली होती. एकूण चाळीस व्याख्यानं, रोजच्या जगण्यातल्या विज्ञानापासून इतिहासापर्यंत, ज्याला हवी त्यानं मोबाईलवर उतरवून घ्यावीत. सुरुवातीला एक गृहस्थ घसा साफ करून "व्याख्यान पहिले" असं सांगायचे आणि मग कोणीतरी प्राध्यापक तासभर बोलायचे. तुळसाबाईनं विषय विचारला नाही. आवाज दणकट आहे ना, एवढंच पाहिलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला हरभऱ्यात पहिले प्राध्यापक बोलू लागले आणि रोही जे उधळले ते नाल्यापार. तुळसाबाई धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, भाकर खात बसली. कान उघडेच होते, त्याला ती काय करणार? पहिल्या दिवशी आभाळातल्या चांदण्यांचा उजेड किती जुना असतो ते कळलं. दुसऱ्या दिवशी मिठाचा इतिहास झाला. तिसऱ्या दिवशी माणसाच्या आठवणीवर एक बाई बोलल्या, की आठवण काही पेटीत ठेवलेली नसते, आपण ती दरवेळी नव्यानं रचतो. तुळसाबाईची भाकर हातातच राहिली.

दुपारी निंदायला आलेली बेबीबाई नेहमीप्रमाणे सासूचं गाऱ्हाणं काढून बसली. तिची सासू वारून अकरा वर्षं झालीत, पण गाऱ्हाणं अजून कोवळं आहे. "मले भरल्या घरात म्हने का तुह्या हातचं पानीबी कडू लागते..."

"असं थे म्हनलीच नसन," तुळसाबाई म्हणाली. "मांगच्या साली तू सांगत होती का चहा कडू लागते म्हने. तू दरवेळेस नवं रचून राह्यली. विद्यापीठ म्हनते."

बेबीबाईनं जन्मात पहिल्यांदा गाऱ्हाणं अर्धंच टाकून खुरपं उचललं. तुळसाबाईला ती चव लागली आणि मग काही सुटली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दिवस उगवता वावरात जाऊन त्या दिवसाचं व्याख्यान बारीक आवाजात आधीच ऐकून ठेवू लागली. साडेनऊला तेच मोठ्यानं लावायचं, आणि प्राध्यापक बोलायच्या आधी आपण बोलायचं. "आता पाहा, थो म्हनन का झाडायलेबी तहान लागली का कयते." दोन मिनिटांनी प्राध्यापक तेच म्हणायचे आणि बाया तुळसाबाईकडे डोळे विस्फारून पाहायच्या. विद्यापीठ हिला विचारून बोलतं की काय, अशी बेबीबाईला खरंच शंका यायला लागली होती.

हळूहळू आजूबाजूच्या वावरातले लोक न्याहारीची वेळ साडेनऊवर आणू लागले. अर्थात ऐकायला कोणी येत नव्हतं. कोणाचा विळा विसरलेला असायचा, कोणाला पाण्याची कळशी भरायची असायची, कोणाचं वासरू नेमकं तिकडेच यायचं. स्वतः तुळसाबाईसुद्धा विचारलं तर फटकन सांगायची, "मी कायले ऐकू? थे रोह्यासाठी हाय." पंचावन्न वर्षं ज्या बाईनं शिकलेल्यांची टर उडवली, ती आता म्हातारपणी धुऱ्यावर बसून शाळा शिकते हे कळलं असतं तर गावानं तिची काय गत केली असती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनंच गावाला ते वळण लावलं होतं.

धुऱ्यापलीकडचं वावर रामरावचं. रामराव तिचा चुलत दीर, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, आणि दोघांत अकरा वर्षांचा अबोला. नांगरताना रामरावनं धुरा कोरला असं तिचं म्हणणं, आणि धुरा मुळातच वाकडा होता असं त्याचं. अबोला म्हणजे बोलायचं नाही असं नाही. रामराव आपल्या बैलाला सांगायचा, तुळसाबाई आपल्या शेळीला, आणि दोघांनाही ऐकू जायचं. माणूस आणि केळ यांचं निम्मंअर्धं आतून सारखं असतं, असं व्याख्यान झालं त्या दिवशी तुळसाबाई शेळीला मोठ्यानं म्हणाली, "आयकलं का व? अर्धा मानूस केळ अस्ते म्हन्ते. काई काई तं पुरेच." पलीकडून रामराव बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "केळ तं केळ राजा, गोड तं अस्ते! कारल्याचं काई निंगालं का नाई विद्यापीठात?"

पण याच रामरावनं बैल बांधायची जागा बदलून धुऱ्यालगतच्या बोरीखाली आणली होती, आणि साडेनऊला त्याच्या बैलाला रोज खाजवून घ्यायची हुक्की यायची. ती बरोबर तासभर टिकायची.

एकवीस दिवस असे मजेत गेले. बाविसाव्या दिवशी सूर्य वर येत असताना तुळसाबाईनं नेहमीप्रमाणे भोंगा बारीक करून लावला. "व्याख्यान बाविसावे," गृहस्थ म्हणाले. विषय होता भीती. प्राध्यापक सांगत होते की ज्या आवाजामागून काही इजा होत नाही, त्या आवाजाला जनावर हळूहळू सरावतं. "समजा," ते म्हणाले, "एखाद्या शेतकऱ्याने रानात भोंगा लावला. पहिले काही दिवस जनावरे पळतील. मग त्यांच्या लक्षात येईल, की हा नुसता बोलतो."

हा माणूस कुठे झाडावर बसून आपल्याकडे पाहतो आहे की काय, असं वाटून तुळसाबाईनं मान वर केली. झाडावर कोणी नव्हतं. पूर्वेच्या कोपऱ्यात बाभळीखाली मात्र तीन रोही उभे होते, घाटे खात होते, आणि त्यांतल्या एकाचा कान भोंग्याकडे वळलेला होता. माणसाला व्याख्यान रोज नवं वाटतं. रोह्यांना सगळे प्राध्यापक सारखेच.

तुळसाबाईच्या पायांखालची ढेकळं सरकली. हरभऱ्याचं दुःख झालंच, पण ते मागून. आधी धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. रोही भीत नाहीत हे गावाला कळलं, तर भोंगा कशासाठी, हा प्रश्न येणार. आणि त्याला तिच्याजवळ एकच उत्तर होतं. ते तोंडातून काढायचं म्हणजे पंचावन्न वर्षांचं बोललेलं गिळायचं. आणि अजून अठरा व्याख्यानं बाकी होती.

तिनं काठी घेतली, पदर खोचला आणि धावली. रोही गेले. मग तिनं बाभळीची फांदी ओढून त्यांच्या पायांचे ठसे पुसले, लेंड्या टोपल्यात भरून खताच्या ढिगावर टाकल्या, खाल्लेली झाडं उपटून शेळीपुढे टाकली. साडेनऊला माणसं जमली तेव्हा ती शांतपणे भोंग्याचं पुढे जायचं बटण दाबून मोकळी झाली होती. "व्याख्यान तेविसावे," गृहस्थ म्हणाले.

"बावीसवं कुठी गेलं?" बेबीबाई म्हणाली.

"नाईच थे. विद्यापीठ मोजाले चुकलं."

बेबीबाईनं मान डोलावली. विद्यापीठ चुकू शकतं हे तुळसाबाईनंच तिला इतकी वर्षं शिकवलं होतं. बोरीखाली मात्र बैल खाजवणारा हात थांबला.

पुढचे आठ दिवस तुळसाबाईचे फार हालाचे गेले. रोज पहाट फुटली की काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन साडेतीन एकर पळायचं, ठसे पुसायचे, आणि साडेनऊला पायांवर पाय टाकून "पाहा, भोंग्यानं कशे पयाले रोही!" असं म्हणायचं. गुडघे रात्रभर ठणकायचे. योगिनीनं फोनवर विचारलं, आजी, उपयोग होऊन राह्यला का? "लय," तुळसाबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाली.

आणि नवव्या दिवशी रामरावनं ग्रामपंचायतीत तक्रार दिली. सरपंच राखी, वय बत्तीस, गावची सून, स्कूटीवर फिरणारी आणि कागद पुरा वाचल्याशिवाय सही न करणारी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच वावरात हजर. तुळसाबाईला त्या दिवशी गुडघ्यांमुळे उठायला उशीर झाला होता. कोपऱ्यातले रोही अजून हाकलायचे होते. तिनं लांबून पाहिलं, तिघंही बाभळीखाली होते आणि चांगले रमले होते.

"ये व बाई, बस," तिनं सरपंचासाठी पोतं अंथरलं ते असं, की पाठ पूर्वेकडे यावी. "उन्हाकडं तोंड नोको करू, डोकं उठते." बेबीबाई आली, तिलाही तसंच वळवून बसवलं. रामराव धुऱ्यावर येऊन उभा राहिला, तर त्याच्याशी अबोला असल्यामुळे ती शेळीला म्हणाली, "काई लोक सूर्याकडं पाहून उभे राह्यतात, म्हनून त्यायचं डोकं तापते." आपलं डोकं तापलेलं नाही हे दाखवायला रामरावनं लगेच पश्चिमेकडे तोंड केलं. तिला तेच हवं होतं.

राखीनं कागद उघडला. "काका, तुमी लिवलं का भोंग्याचा तरास होते. तरास म्हंजे आवाज लय मोठा हाय?"

"नाई," रामराव म्हणाला. "वारं फिरलं का कमीच येते."

"टाइम चुकीचा हाय?"

"टाइम बराबर हाय. साडेनऊ."

"मंग इथून पयालेले रोही तुमच्या वावरात येतात?"

"नाई बा."

"मंग काका, तरास कायचा?"

रामराव बैलाकडे वळला, पण हे बैलाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि एकदम, अकरा वर्षांत पहिल्यांदा, तो सरळ तुळसाबाईच्या तोंडाकडे पाहून ओरडला, "वयनी, बावीसवं काहून नाई लावलं? धुऱ्याचा राग धुऱ्यावर काढाचा! एकवीस मी बराबर आयकले, एक नाई सोडलं, तापात होतो तरी आलो! आन् तू मले एक गाळून दाखवते?"

मग बेबीबाई म्हणाली, "मलेबी तं वाटलंच व. विद्यापीठ मोजाले कसं चुकन?" पाण्याच्या कळशीचं निमित्त करून आलेले दोघं-तिघंही धुऱ्यावरून पुटपुटले, की बावीसवं पाहिजे. सरपंचांनी कागदाची घडी घातली. "काकू, लावा मंग बावीसवं. तक्रार थेच हाय."

तुळसाबाईची आता धरलं तर चावतं अशी गत झाली. नाही लावलं तर धुऱ्याचा सूड उगवला असं होणार, लावलं तर सगळं उघडं पडणार. तिनं बॅटरी उतरल्याचं सांगून पाहिलं, तर रामराव पळत जाऊन स्वतःच्या पंपाची बॅटरी घेऊन आला. अखेर तिनं बटणं दाबत दाबत मागे नेलं. "व्याख्यान बाविसावे."

प्राध्यापक बोलत राहिले आणि माणसं ऐकत राहिली. रामराव पहिल्यांदाच धुरा ओलांडून अलीकडे, पोत्याच्या कडेवर बसला. जनावर आवाजाला कसं सरावतं, हा भाग आला. समजा एखाद्या शेतकऱ्याने, हे आलं. हा नुसता बोलतो, हेही आलं. त्यावर पहिली मान बेबीबाईची वळली, मग रामरावची, मग सरपंचांची. बाभळीखाली तीन रोही उभे होते. मधल्यानं डोकं वर करून या सगळ्या मंडळींकडे पाहिलं, भोंग्याकडे कान केला आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं.

"माय व!" बेबीबाई म्हणाली. "हे तं जुने विद्यार्थी निंगाले."

सगळे हसले. राखी हसता हसता थांबली, कारण सरपंचाला प्रश्न विचारावाच लागतो. "काकू, रोही तं भेत नाईत. मंग भोंगा कोनासाठी?"

तुळसाबाईजवळ तीन-चार थापा तयार होत्या आणि एकेक अशी, की गावानं खुशाल गिळली असती. तिनं तोंड उघडलंही. पण नऊ दिवस पळून पळून ती थकली होती, आणि समोर रामराव बसला होता, जो तापात उठून आला होता आणि ते बोलून गेला होता.

"मह्यासाठी," ती म्हणाली. "मले आयकाचं हाय. तिसरीत म्हशीच्या मांगं धाडलं मले, शाळेच्या खिडकीपासून रस्ता जाये. थ्या दिवसापासून मी शिकलेल्यायले हासून राह्यली. हासली नसती तं रडली असती. आता हासा तुमी."

कोणी हसलं नाही. बेबीबाईनं पदर डोळ्यांना लावला. राखी हळूच म्हणाली, "मंग काकू, मोबाईलवर आयका नं घरी. रोही खाऊन राह्यले तो हरभरा तरी वाचन."

"घरी एकटी?" तुळसाबाई उसळली. "आन् आयकल्यावर सांगू कोनाले? भांडू कोनासंगं? भिताडासंगं?"

यावर कागदात लिहिण्यासारखं काही नव्हतं. सरपंचांनी तक्रारीचा कागद पोत्याखाली सरकवला आणि मांडी घालून बसल्या. रामराव उठला, त्यानं तुळसाबाईच्या बाजूची काठी उचलली आणि धोतराचा काष्टा आवळला.

"आज मी हाकलतो," तो म्हणाला. "उद्या बेबीबाई. पाळ्या लावा सरपंचबाई. तुमचीबी धरा."

सत्तरीकडे झुकलेला तो माणूस हरभऱ्याच्या ओळींतून "हैऽ हैऽ" करत पळत सुटला. अर्ध्या वावरात पोचल्यावर त्याला काही आठवलं, तो थांबला, वळला आणि तिथूनच दोन्ही हात हलवून ओरडला, "वयनी, पुढं नोको नेऊ व! मी आल्याबिगर पुढं नोको नेऊ!"

तुळसाबाईनं बटण दाबलं. प्राध्यापक वाक्याच्या मध्येच थांबले. रोही नाल्यापार गेले, रामराव त्यांच्यामागे बांधापर्यंत गेला आणि मग गुडघ्यांवर हात टेकत टेकत सावकाश परत निघाला. त्याला यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ कोणी उठलं नाही आणि तुळसाबाईचं बोट बटणावरून हललं नाही. तो धापा टाकत येऊन पोत्यावर बसला, तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मग बटण दाबलं.